कळंब्याच्या फाटकातून आत जाण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालीय, एका संस्थेतर्फे पुढच्या महिन्यापासून कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात समुपदेशनाला जायचंय, आणि हातात आलेल्या पहिल्या यादीतले अकराच्या अकरा जण खून किंवा खुनाच्या प्रयत्नातले आहेत. यांतला खरा धोकादायक कोण, हे ओळखायची एखादी खात्रीची चाचणी आहे का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, की वडील नको म्हणतात, त्यांना काय सांगू.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. राहते कोल्हापुरातच, आणि गेली २२ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या कारागृहांत जाते आहे. चाचणीबद्दल आधी सांगते: तुम्हाला हवी तशी चाचणी नाही. पण तुमची भीती खरी आहे आणि प्रश्नही रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धोका हा रक्तगटासारखा माणसाच्या अंगात कायमचा बसलेला नसतो. तो प्रसंगाप्रमाणे चढतो आणि उतरतो. त्यामुळे "हा माणूस धोकादायक आहे का" या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर कुणी दिलं, तरी त्या उत्तराचं पुढं काही करता येत नाही. मी स्वतःला विचारते ते असं: याच्यापासून धोका कुणाला? कशा प्रसंगी? किती लवकर? इजा केवढी होऊ शकते? आणि तो प्रसंग येऊ नये म्हणून आज कोण काय करू शकतं? यातला शेवटचा प्रश्न सुटला की बाकीच्यांचा उपयोग होतो.

पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. सगळ्यात मोठा फरक म्हणजे समोरचा न्यायाधीन आहे की सिद्धदोष, म्हणजे गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झालेला. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले सुमारे ७६ टक्के बंदी (कैदी) न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. तुमच्या यादीतही तसे असणार. त्यांच्याशी गुन्ह्याच्या तपशिलात शिरू नका. कायद्यापुढे तो अजून निर्दोष आहे, आणि तुमच्या वहीतलं टिपण उद्या कोर्टात मागितलं जाऊ शकतं. त्याचे आतले दिवस कसे जातायत, झोप, जेवण, मुलाखत म्हणजे घरच्यांची भेट, शेजारच्या बिछान्यावरच्या माणसाशी संबंध, एवढ्यावरच बोला. हे सगळं समोर असलं की धोका समजायला गुन्ह्याची कबुली लागत नाही. दुसरा फरक तुम्हाला त्याची फाइल, कारागृहातल्या शिक्षांची नोंद आणि वैद्यकीय कागद बघायला मिळणार की नाही याचा. ही परवानगी पहिल्याच आठवड्यात अधीक्षकांकडे लेखी मागा.

कलम वाचून माणूस कळत नाही, हे मला आतल्यांनीच शिकवलं. आपल्याकडे खून म्हटला की कितीदा तरी मागं बांध निघतो. पन्नाशीचा शेतकरी, दोन फूट बांधावरून भावाशी वीस वर्षं धुसफूस, एका दुपारी हातात खुरपं होतं म्हणून झालं. असा माणूस पुढं जन्मठेपेत बराकीतला सगळ्यात शांत बंदी होतो. स्वयंपाकघर, बाग, गोदाम अशा विश्वासाच्या कामांवर अधिकारी याच लोकांना नेमतात. ज्या एका नात्यात ती हिंसा उगवली ते नातंच संपलेलं असतं. उलट जबरी चोरीतला बावीस वर्षांचा मुलगा, तिसऱ्यांदा आत आलेला, बाहेर नशा, आत उधारी, कुणी "ए" म्हटलं तरी अंगावर जाणारा. त्याचं कलम हलकं असतं, पण पुढच्या आठ दिवसांची काळजी मला त्याची जास्त वाटते. वय वाढलं की हिंसा ओसरते, हे जगभर दिसलेलं आहे. तुमच्या यादीत प्रत्येकाचं वय आणि पहिल्या गुन्ह्याच्या वेळचं वय लिहिलंय का बघा. नसेल तर लिहून घ्या.

आपल्या शेजारी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, १९३९ साली औंध संस्थानात सुरू झालेली खुली वसाहत. गंभीर गुन्ह्यांतले शिक्षा झालेले बंदी तिथं बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा एक बाई अंगणात शेंगा वाळत घालत होती आणि तिचा जन्मठेपेचा नवरा बैलाला पाणी दाखवत होता. तुम्ही एकदा जाऊन या. हातात असलेल्या यादीकडे बघायची तुमची नजर बदलेल.

आता चाचण्यांकडे. तज्ज्ञाने नुसतं बोलून अंदाज बांधायचा, ही पद्धत किती कच्ची आहे याचा एक मोठा दाखला अमेरिकेत मिळाला. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयांमधून साडेनऊशेहून जास्त 'धोकादायक' ठरवलेले लोक साध्या रुग्णालयांत हलवावे लागले. संशोधकांनी त्यांचा पुढं चार वर्षं माग ठेवला. परत कडक बंदोबस्तात न्यावं लागलं असे त्यांत फारच थोडे निघाले. १९८१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन मोनाहन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. "हा हिंसा करेल" असं तज्ज्ञांनी सांगितलेल्या तिघांपैकी फार तर एकाच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं. त्यानंतर गुण देऊन बेरीज करणारी साधनं आली, आणि १९९५ मध्ये कॅनडात एचसीआर-२० हे हिंसेचा धोका तपासायचं साधन आलं, ज्याची तिसरी आवृत्ती २०१३ ची आहे. त्यात २० मुद्दे आहेत: दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या मनःस्थितीचे आणि पाच पुढच्या परिस्थितीचे. त्यात बेरजेवर निकाल नसतो. मुद्दे तपासून, हा माणूस पुढं कुठल्या प्रसंगात काय करू शकेल याचं चित्र मांडायचं आणि त्यावर उपाय लिहायचा, अशी ती पद्धत आहे. प्रशिक्षण मिळालं तर जरूर घ्या. पण गुण देणाऱ्या साधनांचे आकडे परदेशातल्या लोकांवरून बसवलेले आहेत, ते जसेच्या तसे कळंब्यातल्या माणसाला चिकटवू नका.

आकडेवारीचा एक साधा हिशेब तुम्हाला माहीत असायला हवा. समजा १००० बंदी आहेत आणि त्यांतले २० जण या वर्षी कुणाला गंभीर इजा करणार आहेत. तुमची चाचणी चांगली आहे, शंभरातल्या ऐंशींना बरोबर ओळखते. म्हणजे त्या २० पैकी १६ सापडले. पण उरलेल्या ९८० पैकी वीस टक्के, म्हणजे १९६ जण, चुकून 'धोकादायक' ठरले. एकूण शिक्के २१२, खरे १६. तेरा जणांवर शिक्का मारला तेव्हा एक बरोबर निघाला. बाकीच्या माणसांची संचित रजा (शिक्षेच्या काळात घरी जायला मिळणारी सुट्टी) अडते, काम हातचं जातं, वेगळ्या कोठडीत राहावं लागतं. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. पण दुर्मीळ गोष्ट शोधताना हिशेब नेहमी असाच फिरतो, आणि त्या १९६ जणांच्या वतीने बोलायला तिथं कुणी नसतं. तुम्ही असा.

शिक्क्यावरून आणखी एक सांगते, कारण हे आतमध्ये अजून ऐकू येतं. पारधी किंवा तशा समाजातला मुलगा आला की कुणीतरी "सराईतच असणार" असं म्हणतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शब्द राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. तुमच्या टिपणात धोक्याचं कारण म्हणून समाजाचं नाव कधी येता कामा नये. तसं कुणी सांगितलं तर शांतपणे विचारा, याने आत आल्यावर काय केलं, ते सांगा.

मग मी काय करते? मी शेवटच्या तीन भांडणांची साखळी बांधते. एकेका भांडणाचा अख्खा दिवस, सकाळी उठल्यापासून. कुठं होता, शेजारी कोण होतं, आधी काय घडलं, अंगात काय झालं, हातात काय आलं, कुणी थांबवलं. आणि ज्या वेळी राग आला पण हात उचलला नाही, तो दिवसही तितक्याच बारकाईनं विचारते. एकदा एका बंद्याची तिन्ही भांडणं मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. बायको यायची तेव्हा ठीक, ती आली नाही की दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी डोकं फुटायचं. तो म्हणाला, "बाई, ती आली न्हाई की रातभर डोस्क्यात एकच चालतंय, ती घर सोडून गेली असंल." उपाय साधा होता. मुलाखत चुकली तर त्याच संध्याकाळी फोनची पाळी त्याला द्यायची, आणि त्या रात्री त्याचा बिछाना दाराजवळ, हवालदारांच्या नजरेत ठेवायचा. पुढचं वर्षभर त्याचं भांडण झालं नाही. यात मोठं मानसशास्त्र काही नव्हतं. फक्त तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या.

जागा आणि वस्तू यांनाही तितकंच वजन द्या. जून २०२४ मध्ये कळंब्यातच १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका सिद्धदोष बंद्याचा खून झाला. बातम्यांनुसार आंघोळीच्या जागेवर वाद झाला आणि न्यायाधीन बंद्यांनी गटारीवरचं लोखंडी झाकण त्याच्या डोक्यात घातलं. पाण्याची रांग, सकाळची घाई, वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र, आणि हाताशी सुटं लोखंड. अशा जागी कुणाचीही मानसिक चाचणी घेऊन जे साधणार नाही, ते झाकण पक्कं बसवून आणि आंघोळीच्या वेळा वाटून साधतं. तुम्ही समुपदेशक असलात तरी बराकीतून चालताना हे बघत जा आणि बोलून दाखवा.

जवळच्या धोक्याची, म्हणजे आज-उद्याची चिन्हं वेगळी असतात. नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट नावाची सहा मुद्द्यांची यादी मनोरुग्णालयांत वापरतात: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, धमकी देणारा आविर्भाव, तोंडी धमकी आणि वस्तूंवर राग काढणं. पुढच्या चोवीस तासांसाठी ती उपयोगी पडते आणि हवालदारही दोन मिनिटांत भरू शकतात. त्यात मी आपल्याकडची काही चिन्हं मिळवते: अचानक जेवण सोडणं, बिछाना हलवणं, सामान वाटून टाकणं, देणी मिटवणं, तंबाखू बंद झाल्यानंतरचे पहिले दिवस, निकालाची तारीख, जामीन फेटाळल्याची संध्याकाळ, गौरी-गणपती आणि दिवाळी. यातली सामान वाटण्यासारखी चिन्हं दुसऱ्यावरच्या हल्ल्यापेक्षा स्वतःच्या जिवाकडे जास्त बोट दाखवतात. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत आत्महत्या सगळ्यात वर असते. ज्यानं दुसऱ्याला मारलं तो स्वतःला काही करणार नाही, असं धरून चालू नका.

इथं माझी चूक सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका कारागृहात, मी एका तरुणाशी पाऊण तास बोलले. जामीन फेटाळला होता, झोप नव्हती, शेजारच्यावर राग होता. मी कागदावर लिहिलं, "धोका: मध्यम. आठवड्याने पुन्हा भेट." कागद पिशवीत घातला आणि पाचच्या एसटीनं घरी आले. त्या रात्री त्यानं शेजारच्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा तांब्या इतका मारला की त्या माणसाचा एक डोळा गेला. रात्रपाळीच्या हवालदारांना काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या दोघांचे बिछाने वेगळे करायला दोन मिनिटं लागली असती. माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. तो अंदाज ज्याला हवा होता त्याच्यापर्यंत मी पोचवलाच नव्हता. डोळा गेलेला तो माणूस नंतर मला मुलाखत कक्षाच्या बाहेर दिसायचा, तेव्हा मला त्याच्या चेहऱ्याकडे बघणं अवघड जायचं.

तेव्हापासून मी 'मध्यम' हा शब्द लिहीत नाही. निघण्याआधी पाळीवरच्या हवालदारांना तीन ओळी लिहून देते आणि वाचूनही दाखवते: कुणाचा कुणावर राग आहे, काय झालं तर भडकेल, आज रात्री काय करायचं. गोपनीयता मोडते का, असं तुम्हाला वाटेल. म्हणून पहिल्या भेटीतच बंद्याला सांगते, "तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण कुणाला इजा करायचा, पळायचा किंवा स्वतःच्या जिवाचं काही करायचा विचार असेल तर तो मी सांगणार." हे ऐकून कुणी बोलायचं थांबलेलं मला आठवत नाही. उलट काही जण नेमकं तेच सांगायला येतात, कारण त्यांना स्वतःला थांबायचं असतं.

उपाय म्हणजे वेगळी कोठडी, असं कारागृहात पटकन ठरतं. एखाद्या रात्रीपुरती ती लागतेही. पण दिवसेंदिवस एकटं ठेवलेला माणूस जास्त भडकतो, आणि मनोरुग्ण असेल तर बिघडतो. सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच एकांतवास आणि बेड्यांवर मर्यादा घातल्या आहेत. भास, संशय, असंबद्ध बोलणं दिसलं तर ते समुपदेशनाचं काम नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं मनोरुग्ण बंद्यांबद्दलचं कलम १०३ दाखवून उपचार मागा. बाकीच्यांसाठी मला सगळ्यात जास्त गुण येताना दिसतो तो कामाचा. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्यातल्या बंद्यांनी वळले आहेत. हात पिठात असताना, आणि आपण केलेलं देवळात जातंय हे माहीत असताना, माणूस वेगळा वागतो. गळाभेटीनंतरचे, म्हणजे कारागृहात मुलांना जवळ घेऊन भेटू देतात त्या कार्यक्रमानंतरचे, काही दिवसही शांत जातात, मात्र मूल आलंच नाही त्या बंद्यावर त्या दिवशी लक्ष ठेवा.

टोळीची हिंसा मात्र वेगळी ठेवा. तिथं मारणाऱ्याला राग आलेला नसतो, त्याला हुकूम असतो. टोळीचा मोठा माणूस तुमच्याशी अत्यंत अदबीनं बोलेल आणि त्याच्या नोंदीत एकही भांडण नसेल. तिथं समुपदेशन करून हल्ला टळत नाही, गट वेगळे ठेवून आणि माहिती ठेवून टळतो, आणि ते प्रशासनाचं काम आहे. कानावर काही आलं तर तुरुंगाधिकाऱ्यांना सांगा आणि बाजूला व्हा.

आता वडिलांचं. त्यांना सांगा की समुपदेशकावर हल्ला ही फार विरळ गोष्ट आहे, आणि ती टाळायच्या सवयीही ठरलेल्या आहेत. खोली काचेची किंवा दार उघडं असलेली मागा. तुमची खुर्ची दाराजवळ ठेवा, पण त्याची बाहेर जायची वाटही अडवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की माणूस आधी दाराकडे धावतो. गळ्यात ओळखपत्राची दोरी नको. चिठ्ठी, निरोप, बाहेरचा एक फोन, बिडीचं पाकीट, यातलं काहीही कितीही दया आली तरी नाही. एकदा केलंत की दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही.

आणि कोल्हापूरचा म्हणून एक धोका आहे. इथं दोन प्रश्नांत नातं निघतं. "मॅडम, कुठल्या पेठेतल्या? आडनाव काय म्हणालात?" तिसऱ्या प्रश्नाला तो तुमच्या मामाच्या तालमीतला निघतो. चिडू नका, खोटंही सांगू नका. "मी कोल्हापूरचीच, पण इथं आपण तुमच्याबद्दल बोलायचं" असं एकदाच, हसून सांगा. मृत माणूस किंवा त्याचं घर तुमच्या ओळखीचं असेल, तर ती फाइल त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या.

पहिल्या दिवशी यादी बाजूला ठेवून बराकीच्या हवालदारांबरोबर चहा घ्या आणि विचारा, "या आठवड्यात कोण बदललाय? बोलणारा गप्प झालाय, गप्प असणारा बोलायला लागलाय, असं कोण?" ते दोन-तीन नावं घेतील. त्यांतली एक-दोन तुमच्या अकरांतही नसतील. सुरुवात त्यांच्यापासून करा.